उष्टी हवा मोजायचं मशीन: सहा महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू (जून २०२२)

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधी रेटिंग. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो बझरसाठी आणि त्या मेल्या मायक्रो यूएसबी पिनसाठी, दोन्हींचं रडगाणं खाली येईलच. वस्तू म्हणजे कार्बन डायऑक्साइड मीटर, तळहातावर मावेल एवढा पांढरा डबा, समोर स्क्रीन, त्यावर एक मोठा आकडा आणि हिरवा पिवळा लाल दिवा. ७,२०० रुपयांना डिसेंबर २०२१ मध्ये ऑनलाइन घेतला. ब्रँडचं नाव लिहित नाही, कारण मागे मिक्सरबद्दल चांगलं लिहिलं तर दोघांनी विचारलं कंपनीने किती दिले, आणि वाईट लिहिलं की तिसराच कोणीतरी अंगावर येतो. विकत घेताना काय बघायचं ते सांगते, त्यावरून तुमचं तुम्ही शोधा.

आता एवढे पैसे घालून हवेतला आकडा कशाला बघायचा, तर माझी केस सांगावी लागेल. मी पुण्यात राहते, वय ३९, २०१७ मध्ये किडनी ट्रान्सप्लांट झालं, किडनी माझ्या आईची. लोकांना वाटतं ट्रान्सप्लांट झालं म्हणजे सुटली एकदाची, पण परक्याची किडनी शरीराने हाकलून देऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवायला लागते, टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट या गोळ्या, सकाळ संध्याकाळ घड्याळ लावून, किडनी चालेल तितकी वर्षं. आणि त्याच गोळ्यांमुळे कोविडची लस घेऊनही अंगात काही तयार होईलच असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत.

लसीचं पण ऐका. १ मार्च २०२१ ला ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीवाल्यांना लस सुरू झाली, सरकारी यादीत किडनी ट्रान्सप्लांट चक्क लिहिलेलं होतं, फक्त मी तेव्हा ३८ ची. म्हणजे आजार यादीत बसतोय, बाई बसत नाही. १ मे ला १८ वरच्या सगळ्यांना उघडलं तर कोविन या लसीच्या सरकारी साइटवर स्लॉट दिसायचा आणि ओटीपी येईपर्यंत गायब, आणि मग थोड्याच दिवसांत राज्याने साठा नाही म्हणून १८ ते ४४ चं थांबवूनच टाकलं. शेवटी जूनच्या अखेरीला पहिला डोस, ८४ दिवसांनी सप्टेंबरात दुसरा. अमेरिकेत ट्रान्सप्लांटवाल्यांना तिसऱ्या डोसची परवानगी ऑगस्ट २०२१ मध्येच मिळाली होती. आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसराच, आला तो आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइनवाले आणि साठीच्या वरचे सहव्याधीवाले यांना. एप्रिल २०२२ पासून १८ च्या वर सगळ्यांना खाजगीत मिळायला लागला, पण तेव्हाचा नियम असा की दुसऱ्या डोसनंतर नऊ महिने झाले पाहिजेत, आणि माझे नऊ महिने जून २०२२ मध्ये भरत होते. हे वाक्य मी घरात बोलले तर नवरा म्हणाला मग डोहाळजेवण राहिलंच की.

तर ही मी. आणि मुलगी आठ वर्षांची. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा पहिलीत होती, त्यानंतर दुसरी पूर्ण मोबाईलवर, तिसरी अर्धी मोबाईलवर. १६ डिसेंबर २०२१ ला पुण्यात पहिली ते सातवी शाळा उघडणार असं जाहीर झालं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर संमतीपत्राची पीडीएफ येऊन पडली. त्यात एक ओळ होती, मी माझ्या पाल्यास स्वतःच्या जबाबदारीवर शाळेत पाठवीत आहे. खाली सही. घरात कोणी आजारी आहे का असा रकाना नाही, असेल तर काय करायचं हे तर लांबच. वर्गशिक्षिकांना फोन केला तर त्या बिचाऱ्या म्हणाल्या ऑनलाइन चालू ठेवायचं का ते मॅनेजमेंट बघतंय, आणि मॅनेजमेंटने बघितलं आणि बंद केलं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले शाळेचं मी कसं सांगणार, तुम्ही मास्क लावा. सासूबाई म्हणाल्या देवावर सोड. पालकांच्या ग्रुपवर मी एकदाच लिहिलं की खिडक्यांचं काय, तर एकाने हसणारी स्मायली टाकली आणि एका काकूंनी लिहिलं, घाबरून किती दिवस घरात बसणार, मुलांचं नुकसान होतंय.

अहो नुकसान होतंय हे मला दिसत नव्हतं का. पोरगी जोडाक्षरं विसरली होती. कॅमेरा बंद करून आरशासमोर एकटीच टीचर टीचर खेळायची, स्वतःच हजेरी घ्यायची आणि स्वतःच वेगवेगळ्या आवाजात यस मॅम म्हणायची. मला तिला शाळेत घालायचंच होतं. फक्त जायचं तर कुठल्या हवेत, एवढंच माहीत करून घ्यायचं होतं.

मशीनचं तत्त्व सोपं आहे. बाहेर मोकळ्यावर हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम असतो, म्हणजे दहा लाखात ४२० भाग. आपण जो श्वास सोडतो त्यात तो जवळजवळ ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम. त्यामुळे बंद खोलीत माणसं बसली की आकडा चढत जातो. ८०० दिसला तर समजायचं की तुम्ही आत घेताय त्यातली साधारण १ टक्का हवा आधीच कोणाच्या तरी फुप्फुसात जाऊन आलीये. २,४०० दिसला तर ५ टक्के. हे मी मुलीला समजावत होते तर ती म्हणाली, ई, म्हणजे उष्टी हवा! त्या दिवसापासून आमच्या घरात या डब्याला उष्टं मशीन म्हणतात आणि खरं सांगते, पुढे मुख्याध्यापिकाबाईंपासून व्हॅनवाल्या काकांपर्यंत सगळ्यांना पीपीएम पीपीएम करून जे कळलं नसतं ते या एका शब्दाने कळलं. आपण दुसऱ्याचं उष्टं पाणी पीत नाही, हवा मात्र खुशाल.

आणि हे माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या मुख्य वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानेच पत्रक काढलं होतं की कोविड झालेल्याच्या नाका-तोंडातून उडणारे मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात पण बारीक एरोसोल, म्हणजे हवेत तरंगणारे सूक्ष्म थेंब, १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, तेव्हा खिडक्या दारं उघडा, एक्झॉस्ट लावा. ते बहुतेक कोणी वाचलं नाही. शाळेच्या गेटवर थर्मामीटरची बंदूक, सॅनिटायझरचा स्टँड आणि जमिनीवर पिवळे गोल, एवढी तयारी होती.

आता खरेदी. पहिल्यांदा मी हावरटपणा करून १,८९९ वाला घेतला. दिसायला तोच, स्क्रीन उलट जास्त रंगीत. घरी आणला, छान ६०० वगैरे दाखवत होता, मी खूश, आणि मग बाहेरून आलेल्या नवऱ्याने शेजारी उभं राहून हाताला सॅनिटायझर लावलं तर मशीन एकदम ५,००० वर! म्हणजे त्यात कार्बन डायऑक्साइडचा सेन्सरच नाही, वास, अल्कोहोल, वाफा असलं काहीतरी पकडणारा स्वस्त सेन्सर आहे आणि त्यावरून तो अंदाजपंचे आकडा ठोकून देतो. परत केला, पैसे मिळायला अठरा दिवस लागले. तेव्हा घ्यायचा तर बॉक्सवर एनडीआयआर सेन्सर लिहिलंय का बघा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणारा. आणि आल्या आल्या सॅनिटायझरची परीक्षा घ्या. मग गॅलरीत अर्धा तास ठेवा, ४०० ते ४५० च्या आसपास आला पाहिजे, ६०० दाखवत असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे बाहेरच्या हवेशी आकडा जुळवून घेणं, करायला लागेल.

खरा मीटर आल्यावर पहिले दोन दिवस मी वेड्यासारखी घरभर घेऊन फिरले. स्वयंपाकघरात पोळ्या करताना १,८०० (गॅस जळतो त्यानेही वाढतो, घाबरू नका, एक्झॉस्ट लावला की उतरतो). रात्री बेडरूम, दार खिडकी बंद, तिघं जण, पहाटे २,६००, तरीच सकाळी डोकं जड असायचं आणि मी गोळ्यांना दोष देत होते. आणि सगळ्यात कहर कुठे झाला असेल तर ट्रान्सप्लांटच्या ओपीडीत. नाव नाही घेत. काचेचं बंद वेटिंग, एसी फुल, तीस पस्तीस जण, सगळे माझ्यासारखेच, प्रतिकारशक्ती दाबलेले, आकडा २,१००. भिंतीवर पोस्टर, सुरक्षित अंतर ठेवा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची आत घेत नाही, हे मला वयाच्या ३९ व्या वर्षी कळलं. तेव्हापासून मी जिन्यापाशी उभी राहते आणि रिसेप्शनवाल्या मुलीला सांगून ठेवते की नंबर आला की मिस कॉल दे.

शाळा गुरुवारी उघडली. गुरुवार शुक्रवार मी पाठवलंच नाही. सोमवारी, २० डिसेंबरला पाठवलं, एन-९५ चा लहान मुलांचा मास्क लावून, आणि दप्तराच्या बाजूच्या जाळीच्या खिशात पाण्याच्या बाटलीच्या जागी मीटर. शाळेला विचारलं नव्हतं. चुकलंच माझं. मीटर दर पाच मिनिटांनी आकडा साठवतो आणि घरी आलं की ब्लूटूथने मोबाईलवर आलेख दिसतो, माझा विचार होता की गुपचूप बघू काय येतंय.

आणि तिथे बझर! १,५०० च्या वर गेलं की हा डबा असा कर्कश ओरडतो की कुकरची शिट्टी परवडली, आणि तो बंद करायचं सेटिंग दोन बटणं एकत्र पाच सेकंद दाबून तिसऱ्या मेनूत जाऊन आहे, जे माहितीपत्रकात मुंगीच्या अक्षरात लिहिलंय. मी आपली घरी बंद केलं होतं या समजुतीत. कॉम्प्युटर लॅबमध्ये तो वाजायला लागला, सरांना वाटलं पोरीने मोबाईल आणला, दप्तर तपासलं, ती रडली, आणि मला दुपारी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन, उद्या येऊन भेटा.

त्या रात्री मी आलेख उघडून बसले. आईला पोरीचा दिवस असा बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. सकाळी सात दहा ते पावणेआठ, एकदम कडा चढल्यासारखी रेष, २,९००. मग धाडकन खाली, वर्गात ९५० ते १,१५०, अर्धीच मुलं आली होती. डब्याच्या सुट्टीत मैदानावर ४५०. मग २,३००, ती कॉम्प्युटर लॅब, एसी चालू. परत वर्ग. घरी येताना जेमतेम ९००. मी त्या पहिल्या कड्याकडे बघतच राहिले. दोन महिने शाळेच्या नावाने झोप उडालेली आणि सगळ्यात घाण हवा शाळेत नव्हतीच, व्हॅनमध्ये होती. थंडीचे दिवस, ओम्नीत आठ मुलं आणि काका, सगळ्या काचा बंद, पस्तीस मिनिटं. दुपारी येताना उकडतं म्हणून काचा उघड्या, म्हणून ९००. त्या व्हॅनबद्दल एकाही पत्रकात, एकाही पालकाच्या मेसेजमध्ये, अगदी माझ्याही, एक अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेले ती बोलणी खायच्या तयारीने. बाई निवृत्तीला आलेल्या, कडक, आणि त्यांना दमा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या बोलत होत्या की असं न सांगता यंत्र पाठवणं योग्य नाही वगैरे, मी सॉरी म्हणत होते, आणि मधे टेबलावर मीटर. त्यांची केबिन छोटी, दार लावलेलं, खिडकीसमोर कपाट. आम्ही बोलतोय आणि आकडा चढतोय, १,४००, १,५५०, १,७००, लाल दिवा. त्यांनी मधेच थांबून विचारलं हे काय दाखवतंय. मी उष्ट्या हवेचं सांगितलं. बाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग उठून दार उघडलं आणि शिपाईमामांना हाक मारली, म्हणाल्या हे कपाट हलवायचंय.

मग आम्ही तिघं शाळाभर फिरलो, बाई, मामा आणि मी डबा हातात घेऊन. वर्गाला दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत, जुनं बांधकाम, उंच छत, खरं तर सुंदर हवा खेळेल, पण व्हरांड्याकडच्या बाजूच्या सगळ्या बंद. का, तर पारवे. पारव्यांनी दोन वर्षं रिकाम्या शाळेत संसार थाटले होते, म्हणून कोणीतरी खिडक्यांना आतून खिळे ठोकून टाकले होते. (पारव्यांच्या विष्ठेत एक बुरशी असते ती आमच्यासारख्यांच्या फुप्फुसाला वाईट, तेव्हा मी पण पारव्यांच्या बाजूने नाही.) जाळ्या लावायच्या, खिळे काढायचे, पडदे काढायचे, कॉम्प्युटर लॅबचा एसी बंद करून पंखे लावायचे, हे त्या बाईंनी आठवड्यात करून घेतलं. दोन्ही बाजू उघडल्यावर त्याच वर्गात तेवढीच मुलं बसून ६५०. खर्च जाळीचा आणि मामांच्या चहाचा.

सगळं मिळालं असं नाही. आठवड्यातून काही दिवस तरी ऑनलाइन ठेवा म्हटलं, ते नाही म्हणाल्या. वर्गात कोणी पॉझिटिव्ह निघालं तर त्याच दिवशी कळवा म्हटलं, ते बघू म्हणाल्या आणि बघितलं नाही. पण जिथे मी एक मेसेज लिहून घाबरट ठरले होते तिथे एका आकड्याने कपाट हललं. चारपैकी तीन स्टार तर याचेच समजा.

व्हॅनवाले काका बाईंपेक्षा अवघड निघाले. लॉकडाऊनमध्ये दीड वर्ष त्या ओम्नीतून भाजी विकली बिचाऱ्यांनी, आता आठाच्या जागी पाच मुलं घ्या म्हणायला माझी जीभ वळेना. काचा उघडा म्हटलं तर म्हणाले ताई, पोरांना गार लागतं, दुसऱ्या आया ओरडतात. मी म्हटलं एक दिवस हा डबा डॅशबोर्डवर ठेवा, लाल झाला की पुढची आणि मागची काच चार बोटं उघडा, हिरवा झाला की बंद करा. काकांना खेळच मिळाला. संध्याकाळी फोन, ताई, समोरासमोरच्या दोन काचा थोड्या उघडल्या तरी दोन मिनिटांत उतरतंय, एकच पूर्ण उघडली तर नाही उतरत. जे मी चार दिवस वाचून शिकले ते त्यांनी एका फेरीत शोधून काढलं. मग त्या थंडीत पोरं स्वेटर कानटोपी घालून बसायची आणि आकडा ९०० च्या आत.

एवढं सगळं जमवलं आणि ४ जानेवारीला अजित पवारांनी जाहीर केलं, पुण्यातले पहिली ते आठवीचे वर्ग पुन्हा बंद. कोविडचा नवा प्रकार, ओमायक्रॉन. नाताळची सुट्टी धरून तीन आठवडे पण नाही भरले. आणि गंमत बघा, शाळा बंद असतानाच कोविड आमच्या घरात आला, नवऱ्याच्या ऑफिसातून. मायलॅबच्या त्या २५० रुपयांच्या किटवर ठसठशीत दोन रेषा. तो बेडरूममध्ये, मी आणि पोरगी हॉलमध्ये, जेवण दाराशी. खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून लावला म्हणजे खोलीतली हवा बाहेर फेकली जाईल आणि दाराखालून आमच्याकडे येणार नाही, मीटर त्याच्या उशाशी. दिवसा ५५०. रात्री साहेब थंडी वाजते म्हणून खिडकी लावून घ्यायचे आणि मला हॉलमध्ये मोबाईलवर रेष चढताना दिसायची, मग रात्री दोनला फोन, खिडकी उघडा. तो म्हणतो ताप परवडला पण ही पाळत नको. आम्हा दोघींना झाला नाही. मशीनमुळे, पंख्यामुळे की नशिबाने, माहीत नाही, मी श्रेय वाटत बसत नाही.

१ फेब्रुवारीला शाळा परत सुरू झाली आणि इथे एक गोष्ट सांगायची आहे जी कुठल्याच रिव्ह्यूत मला सापडली नाही. मीटर मुलांच्या दप्तरात देऊ नका. मी दिला, आता शाळेची परवानगी होती, बझर बंद होता, वाटलं काय हरकत आहे. पंधरा दिवसांनी टीचरनी बोलावून सांगितलं की ती दर तासाला खाली वाकून आकडा बघते. बाकी मुलं जोरात कविता म्हणायला लागली की म्हणते हळू म्हणा, वाढतंय. मी हसण्यावारी नेलं. त्याच आठवड्यात एका रात्री दिवा मालवल्यावर तिने विचारलं, आई, माझ्या वर्गातून तुला झालं तर बाबा मला रागावतील का.

मी काहीतरी थातूरमातूर बोलले, नाही गं, झोप आता. तिच्या हाताच्या बोटांच्या बेचक्या धुऊन धुऊन फुटल्या होत्या हे मी व्हॅसलीन लावताना रोज बघत होते आणि थंडीने फुटल्या असं समजत होते. दुसऱ्या दिवसापासून मीटर दप्तरातून काढला. आता तो आठवड्यातून एकदा टीचरच्या टेबलावर जातो आणि बाकीचे दिवस काकांच्या डॅशबोर्डवर, तिला सांगून टाकलंय की आकडा बघायचं काम काकांचं आणि टीचरचं, तू कविता म्हण. लगेच फरक पडला असं नाही. बेचक्या भरायला मार्च उजाडला.

मशीन काय सांगत नाही तेही ऐका. ते विषाणू मोजत नाही. खोलीत कोविड झालेला एकही माणूस नसेल तर २,००० ला पण कोविड होणार नाही, आणि नेमका एक असेल तर ७०० ला पण होऊ शकतं. खोलीत बारीक कण अडकवणाऱ्या हेपा फिल्टरचा प्युरिफायर लावला तर हवा बरीच स्वच्छ होते पण कार्बन डायऑक्साइड फिल्टरमध्ये अडकत नाही, त्यामुळे आकडा तसाच वर राहतो, उगाच प्युरिफायरला शिव्या घालू नका. आणि मास्क तर त्याला दिसतच नाही. हे मला एप्रिलमध्ये नीट कळलं. २ एप्रिलला गुढीपाडव्याला राज्यातले सगळे निर्बंध उठले, मास्कची सक्ती गेली, सोमवारी वर्गात आकडा तोच ७००, पण शुक्रवारी सगळ्यांच्या तोंडावर मास्क होता आणि सोमवारी दोघांच्या. आकडा तोच, अर्थ वेगळा.

ती दोघं म्हणजे माझी आणि एक मुलगा. त्याच्या बाबांची केमो चालू आहे हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, वर्षभर एकाच ग्रुपवर आम्ही दोघी आया गुड मॉर्निंग वाचत होतो. टीचरनी दोघांना खिडकीजवळचा बाक दिला, डबा दोघं व्हरांड्यात खातात. त्याच्या आईने मला फोन करून पहिला प्रश्न विचारला, ते स्मायली टाकलं होतं ना, तेव्हा मी काही बोलले नाही, राग आहे का. मी म्हटलं नाही हो, मीटर पाहिजे का. शनिवार रविवार त्यांच्याकडे असतो आता.

बाकी किरकोळ. बॅटरी बारा तास लिहिलंय, आठ चालते. चार्जिंगला मायक्रो यूएसबी, २०२१ मध्ये बनवलेल्या वस्तूला, घरात तो एकच चार्जर आणि तो नवऱ्याच्या जुन्या हेडफोनचा, दोघांची रोज मारामारी. अ‍ॅप बरं आहे पण सात दिवसांपेक्षा जुना आलेख पुसून टाकतं, फोटो काढून ठेवा. आपोआप कॅलिब्रेशन चालू असेल तर मशीनला आठवड्यातून एकदा तरी गॅलरीत मोकळी हवा खायला ठेवा, कारण आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा म्हणजेच बाहेरची हवा असं ते धरून चालतं, कायम बंद खोलीत राहिलं तर हळूहळू खोटं बोलायला लागतं. मूर्ख मशीन नाही, पण भाबडं आहे. आणि ७,२०० रुपये सगळ्यांना जमणार नाहीत हे मला कळतं, माझ्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च बघता मलाही जमत नव्हते, दिवाळीच्या साडीचे पैसे वळवले. चार पाच घरांनी मिळून एक घ्या, रोज लागत नाही. एका खोलीत कोणत्या खिडक्या उघडल्या की किती उतरतं हे एकदा कळलं की महिनाभर बघायची गरज नसते.

आता बुधवारी, १५ जून २०२२ ला, शाळा पुन्हा उघडतेय, पोरगी चौथीत. केसेस पुन्हा चढायला लागल्यात. महिन्याच्या सुरुवातीला सरकारच्या पत्रात बंद जागेत मास्क लावायचाच असं होतं, मग राज्याचे त्या वेळचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले सक्ती नाही, आवाहन आहे. बारा वर्षांखालच्यांना जून २०२२ पर्यंत तरी लस नव्हतीच. शाळेकडून या वेळी संमतीपत्र पण नाही आलं, फक्त वह्यांची यादी आली.

काल काकांचा फोन आला होता. मला वाटलं भाडं वाढवायचं सांगतात, ते पण सांगितलं, दोनशे वाढवले, पण नंतर म्हणाले ताई, मशीन चार्ज करून ठेवा, आणि पावसात काचांचं काय करायचं ते सांगा, पाणी आत येतं. मी म्हटलं मला पण माहीत नाही. मग त्यांनीच डोकं लावलं, खिडकीच्या वरच्या कडेला बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात त्या बसवून आणल्यात, काच तीन बोटं खाली ठेवली तरी पाणी बाहेरच्या बाहेर जातं म्हणे. साडेचारशे रुपये पडले, त्यांनी स्वतःच्या खिशातून घातले. बुधवारी आकडा काय येतो ते इथेच खाली लिहीन.